भिंतीलाही वाफसा येऊ द्या

(खारपाणपट्ट्यातील एका गावी हरभऱ्याच्या शेतदिनानिमित्त शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण)



निमंत्रणपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'हरभऱ्याची काढणी व साठवण' असा विषय छापला आहे. तो मी टाळणार नाही. दाणा दाताखाली धरावा, 'कट्' असा आवाज आला म्हणजे तो वाळला असे समजावे आणि दाण्यातील ओल ८ ते १० टक्क्यांवर आल्याशिवाय कोठीत भरू नये, एवढे सांगितले की माझा विषय बहुतांशी संपतो. शिवाय ते आपल्यापैकी प्रत्येकाला माझ्या आधीपासून माहीत आहे. म्हणून उरलेला वेळ मी आपल्या परवानगीने दुसऱ्याच एका ओलीविषयी बोलणार आहे.

काल संध्याकाळी मी या घरी मुक्कामाला आलो. आपण ज्या ओसरीत बसलो आहोत तिच्या भिंतींचा गिलावा होऊन आज अवघे बारा दिवस झाले आहेत. त्या कोपऱ्यात रंगाचे चार डबे रचून ठेवलेले आपल्याला दिसतच आहेत. जेवताना यजमान भाऊंनी मला सहज विचारले, "सर, परवा पेंटर येऊन राहिला. गुलाबी घेऊ की पोपटी?" मी रंगाचे उत्तर दिले नाही. मी विचारले, "भिंत वाळली का?" त्यांनी उठून भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "कोरडी ठणठणीत."

बंधूंनो, काळ्या जमिनीत पेरणीपूर्वी आपण असा नुसता तळहात ठेवून निर्णय करतो का? पाऊस उघडून चार दिवस झाले की वरची पापडी वाळते, पण ढेकूळ फोडले तर आत चिखल असतो. आपण मूठभर माती उचलतो, तिचा लाडू वळतो, तो खाली सोडून फुटतो का ते पाहतो आणि मगच तिफण धरतो. वाफसा नसताना पेरले तर काय होते हे कोणी कोणाला शिकवावे लागत नाही. नवा गिलावा हे असेच एक वावर आहे. वरून कोरडा, आतून ओला. त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे त्याचा सामू. पण ती सांगण्याआधी मी आमच्या घरची हकीकत सांगतो, कारण हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. ते आमच्या घराला महाग पडलेले आहे.

२०१६-१७ चा हंगाम आपल्याला आठवत असेल. तुरीचे पीक अमाप आले, बाजारात भाव कोसळला आणि हमीभावाने, म्हणजे बोनस धरून क्विंटलला ५,०५० रुपयांनी तूर घालण्यासाठी खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या. माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ठरले होते. घराच्या भिंती उभ्या राहून दोन वर्षे झाली होती, गिलावा तेवढा राहिला होता. बाबांचा हिशोब सरळ होता. तुरीचे पैसे फेब्रुवारीत येतील, मार्चमध्ये गिलावा होईल, मेमध्ये रंग. आमची तूर केंद्राच्या आवारात अठरा दिवस पडून राहिली आणि पैसे हाती आले ते एप्रिलच्या मध्यावर. गिलाव्याचे काम २ मे रोजी संपले. पेंटर आला १६ मे रोजी.

तो तालुक्याचा जुना माणूस होता. त्याने भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केले, खालच्या कोपऱ्यात नखाने उकरून पाहिले आणि मला म्हणाला, "भाऊ, भीत ओली हाये अजून. आता चुना मारून घ्या, पेंट पुढच्या दिवायीले." मी तेव्हा एम.एस्सी. होऊन नुकताच नोकरीला लागलेलो. मला वाटले, याला दुसरीकडे मोठे काम मिळाले असेल, म्हणून टाळतो आहे. शिवाय लग्नाच्या व्हिडिओत बैठकीची भिंत चमकली पाहिजे असे माझ्या मनात होते. मी म्हणालो, "चुना नको, ऑइलपेंटच मारा. हिरवा." बाबा काही बोलले नाहीत. शिकलेल्या मुलाने सांगितले म्हणजे ते बरोबरच असणार, असे त्यांना वाटले.

लग्न चांगले झाले. भिंतही चमकली. जुलैमध्ये बैठकीच्या खिडकीखाली फोड दिसू लागले. ऑगस्टमध्ये फोड फुटून पापुद्रे लोंबू लागले, जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत रंगावर पिवळट नकाशे उमटले आणि काही ठिकाणी रंग तीन महिन्यांनंतरही चिकटच राहिला. माझ्या आईने एका चिकट जागेवरून बोट फिरवले, दोन बोटांत चोळून पाहिले आणि म्हणाली, "हे तं साबनावानी लागते रे." त्या रात्री बाबा मला एवढेच म्हणाले, "तू वावराचा सामू मोजतं, भितीचा काहून नाही मोजला?"

रंगाचे आणि मजुरीचे मिळून पहिल्या वेळी आमचे २२ हजार रुपये गेले होते. तो खरवडून काढणे आणि पुन्हा रंगविणे यांना २७ हजार लागले. त्या वर्षी बाबांना बैलजोडी बदलायची होती. एक बैल म्हातारा झाला होता. ती बदलता आली नाही आणि पुढच्या खरिपात डवरणीला दुसऱ्याचा बैल मागून आणावा लागला. रंगाची गोष्ट मी आपल्यापुढे एवढ्या अगत्याने का मांडतो, हे आता आपल्या लक्षात आले असेल.

आईचे निदान अक्षरशः बरोबर होते. ते कसे, ते पाहू.

सिमेंटमध्ये पाणी पडले की ते घट्ट होते, आणि घट्ट होताना त्यातून चुना मोकळा होतो. त्यामुळे ताज्या गिलाव्यातील पाण्याचा सामू १२ ते १३ असतो. आपल्या खारपाणपट्ट्यात जमिनीचा सामू साडेआठच्या वर गेला तर आपण काळजीत पडतो. सामूचा एक अंक वाढला म्हणजे विम्लता दहापट वाढते. साडेआठ आणि साडेबारा यांत चार अंकांचे अंतर आहे, म्हणजे दहा हजार पटींचे. अशा भिंतीवर आपण तेलाचा रंग लावतो. ऑइलपेंटचा बांधा जवस, सोयाबीन अशा तेलांपासून केलेल्या राळेसारख्या द्रव्याचा असतो. आता तेल आणि तीव्र विम्ल द्रव्य एकत्र आले की काय तयार होते? साबण. कपड्याचा साबण घरी करताना तेलात कॉस्टिक सोडा घालतात, तेच काम आमच्या बैठकीत भिंतीने केले. त्यात आतली ओल बाहेर पडायला वाट मागत होती आणि तिच्या तोंडावर आम्ही तेलाचा अभेद्य पडदा ओढला होता. ओलीने तो ढकलला, तेच ते फोड. निळे आणि हिरवे रंग अशा भिंतीवर लवकर बिघडतात, कारण काही निळी रंगद्रव्ये विम्लता सहन करीत नाहीत. गेरूला मात्र काही होत नाही. आपल्या आज्या घराला गेरूचा काठ काढीत होत्या, त्यांचे हे ज्ञान कोणत्याही डब्यावर छापलेले नाही.

मग ही विम्लता जाते कशी? हवेतील कर्बवायू गिलाव्याच्या पृष्ठभागावरील चुन्याशी संयोग पावतो आणि त्याची हळूहळू चुनखडी होते. तसे झाले की पृष्ठभागाचा सामू नऊच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. यास औषध नाही. मोकळी हवा आणि दिवस, एवढेच लागते.

येथे एक गैरसमज होऊ देऊ नका. ओल वाईट, असे ऐकून गिलाव्याला पाणी मारणेच कमी करू नका. पाणी मारणे आणि वाळवणे ही दोन वेगळी कामे आहेत. गिलावा झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून किमान ७ दिवस, आणि उन्हाळ्यात १० दिवस, भिंत सतत ओलसर राहिली पाहिजे. दिवसातून एकदा बादली फेकून उपयोग नाही. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन लागणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर गोणपाट टांगून तो भिजता ठेवावा. पाणी कमी पडले तर गिलावा भुसभुशीत राहतो, त्याला केसासारखे तडे जातात आणि मग कितीही चांगला रंग लावला तरी तो गिलाव्याचा भुगा घेऊनच खाली येतो. हे दिवस पुरे झाले की पाणी एकदम बंद करावे, दारे-खिडक्या उघड्या टाकाव्यात आणि वाळण्याचे दिवस तेथून मोजावेत. गिलाव्याच्या तारखेपासून नव्हे. लवकर वाळावे म्हणून खोलीत शेगडी पेटवून ठेवणारेही मी पाहिले आहेत. त्याने वरचा थर तडकतो, आतील ओल आहे तेथेच राहते.

किती दिवस थांबावे? कोरड्या ऋतूत, पाणी बंद केल्यापासून किमान एक महिना, तोही पाण्यात कालवायच्या रंगांसाठी, म्हणजे डिस्टेंपर किंवा इमल्शनसाठी. नऊ इंची भिंत असेल, सावलीची किंवा उत्तरेकडची बाजू असेल, तर दीड-दोन महिने. ऑइलपेंट लावायचाच असेल तर सहा महिन्यांच्या आत नाव काढू नये. वर्ष झाले तर उत्तम. माझे स्वतःचे मत विचाराल तर भिंतीला ऑइलपेंट लावूच नये, तो दारे, खिडक्या आणि लोखंडी गजांसाठी ठेवावा. पावसाळ्याचे दिवस या हिशोबात धरू नयेत. श्रावणात भिंत वाळत नाही, उलट हवेतून ओल घेते.

आपल्याकडे पैसा पिकाच्या मागे येतो. कापूस डिसेंबर-जानेवारीत विकला जातो, तूर-हरभरा फेब्रुवारी-मार्चमध्ये. घरकुलाचे हप्तेही पुढेमागे होतात. तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत गिलावा झाला तर एप्रिलमध्ये रंग देता येतो. गिलावा एप्रिलच्या पुढे गेला तर मात्र रंगाचा विचार दिवाळीनंतरच करावा. डबे आधी आणले असतील तर बिघडत नाही. न उघडलेला डबा सावलीत वर्षभर सहज राहतो. डबा आणला म्हणून भिंत वाळत नाही.

दिवस मोजणे हा ढोबळ हिशोब झाला. जमिनीसारखीच प्रत्येक भिंत वेगळी, म्हणून तपासून पाहिलेले बरे. काल संध्याकाळी सहा वाजता मी या भिंतीवर दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवला. आता दुपारचे बारा वाजत आले आहेत. यजमान भाऊ, आपणच तो काढा. आतल्या बाजूने बोट फिरवा. पाहा, बोट ओले झाले. थेंब जमले आहेत आणि प्लास्टिकखालची भिंत आजूबाजूच्या भिंतीपेक्षा गडद दिसते आहे. हात लावला तेव्हा हीच भिंत कोरडी ठणठणीत होती. रात्रभर ठेवून आत थेंब नाहीत, रंगात फरक नाही, असे तीन-चार ठिकाणी दिसले, त्यातही जमिनीजवळ आणि न्हाणीच्या मागच्या भिंतीवर दिसले, म्हणजे ओल गेली असे समजावे.

सामूची तपासणीही घरीच होते. माती परीक्षणाच्या कामात सामूचा कागद वापरतात, तो मिळाला तर ठीक. नाहीतर हळद घ्या. हळदीत चुना मिसळला की ती लाल होते. कुंकू याच गुणावर बनते. पांढऱ्या सुती कापडाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. भिंतीचा बोटभर भाग एखाद्या आडोशाच्या कोपऱ्यात स्वच्छ पाण्याने ओला करा आणि पट्टी त्यावर मिनिटभर दाबून धरा. ताज्या गिलाव्यावर ती पाहतापाहता कुंकवासारखी लाल होते. जुन्या भिंतीवरही थोडी तांबूस होईल, कारण हळद फार हळवी आहे, म्हणून शेजारच्या चार-पाच वर्षे जुन्या, रंग न लावलेल्या गिलाव्यावर दुसरी पट्टी धरून दोन्ही पट्ट्या जवळजवळ ठेवून पाहाव्यात. दोघींत फरक उरला नाही की भिंत रंगाला तयार.

आणि तिसरी गोष्ट, जी आपण बियाण्याच्या बाबतीत करतो. नवे वाण आपण पहिल्याच वर्षी सगळ्या वावरात घालत नाही, चार तासांत घालून पाहतो. तसा घराच्या सर्वांत ओलसर कोपऱ्यात हातभर चौकोन रंगवून पंधरा दिवस सोडून द्या. फोड, डाग, चिकटपणा काही आले नाही तर पुढचे काम हाती घ्या.

आता आपल्या भागाच्या खास दुखण्याकडे येतो. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या या पट्ट्यात विहिरीचे पाणी मचूळ. ते पिकाला देताना आपण दहादा विचार करतो, पण गिलावा कालवताना तेच पाणी बिनदिक्कत वापरतो आणि दहा दिवस तेच भिंतीवर मारतो. त्यातील क्षार भिंतीत जातात. पाणी पृष्ठभागाकडे येऊन उडून जाते, क्षार मागे राहतात आणि पांढरा लोणा फुलतो. उन्हाळ्यात आपल्या वावरावर पांढरा थर येतो त्याचे कारण हेच. तेथे निचरा सुधारता येतो, भिंतीत चर काढता येत नाही. म्हणून बांधकामाला गोडे पाणी आणावे. सगळ्याला आणणे शक्य नसेल तर निदान स्लॅब आणि गिलावा कालवायला तरी आणावे. बाटलीभर नमुना जवळच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत देऊन क्षारता आणि क्लोराइड काढून घ्यावे. लोखंडी सळया असलेल्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नसावे, असे भारतीय मानक सांगते. तेथे प्रश्न रंगाचा राहत नाही, सळया गंजण्याचा असतो.

लोणा आलाच तर तो कोरड्या ब्रशने झाडून काढावा आणि खाली पडलेली भुकटी गोळा करून बाहेर टाकावी. पाण्याने धुऊ नये. धुतला की तो विरघळून पुन्हा आत शिरतो आणि आठ दिवसांनी परत बाहेर येतो. पुन्हा फुलायचा थांबेपर्यंत झाडत राहावे. दरवर्षी जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंतच लोणा चढत असेल तर दोष रंगाचा नाही. जोत्यावर ओल अडविणारा थर घातलेला नाही असे समजावे, आणि त्यावर रंग बदलून काही होणार नाही. ज्यांचे घर अजून जोत्यापर्यंतच आले आहे त्यांनी गवंड्याला ही गोष्ट आजच विचारावी.

आता ज्यांच्या घरी लग्न महिन्यावर आहे त्यांनी काय करावे? त्या पेंटरने मला सांगितले तेच. चुना. चुना स्वतःच विम्ल आहे, त्यामुळे नव्या गिलाव्याशी त्याचे भांडण नाही, आणि त्यातून भिंतीचा श्वास चालू राहतो. चुनकळी ताजी, दगडासारखी टणक पाहून घ्यावी. हवेत पडून भुकटी झालेली घेऊ नये. एक किलो चुनकळीस सुमारे ५ लिटर पाणी लागते. पाण्यात चुनकळी थोडी थोडी टाकावी, चुनकळीवर पाणी ओतू नये. हे काम लहान मुलांपासून दूर करावे व डोळ्यांना चष्मा लावावा. चुना उकळताना शिंतोडा उडून डोळा गेल्याच्या घटना घडतात. एक दिवस भिजत ठेवून कापडाने गाळावा. संत्र्याच्या बुंध्याला बोर्डो पेस्ट लावणाऱ्या बागाईतदारांना चुना भिजविण्याची ही रीत नवी नाही, फक्त येथे मोरचूद नाही. १० लिटर निवळीदार चुन्यास ४० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा आणि पांढरा झळाळीदार दिसावा म्हणून एक किलो चुन्यास ३ ग्रॅम पुडीची नीळ. भिंत किंचित ओली करून पहिला हात उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा, असे तीन हात पातळ द्यावेत. एकच जाड हात देऊ नये, तो पापडीसारखा निघतो. रंग हवा असेल तर गेरू किंवा रामरज मिसळावी, ती चुन्यात टिकते. मुख्य भिंतीवर लग्नापुरत्या चार जरीच्या साड्या टांगा. आमच्या बैठकीतली हिरवी भिंत व्हिडिओत दिसली ती सारी मिळून दीड मिनिट.

एक अट लक्षात ठेवा. पुढे इमल्शन लावायचे असेल तेव्हा हा चुना पूर्ण खरवडून काढावा लागेल. भुकटीवर रंग धरत नाही. म्हणून त्यात फेव्हिकॉल ओतून तो पक्का करू नका. गोठ्याला मात्र कायमचा चुनाच ठेवावा, स्वस्त पडतो आणि दरवर्षी नवा हात देता येतो.

बाहेरच्या भिंतींसाठी सिमेंटचा भुकटी रंग आहे. तोही नव्या गिलाव्याला चालतो, कारण तो मुळात सिमेंटच आहे. भिंत आधी ओली करावी लागते, कालवलेला रंग तासाभरात संपवावा लागतो आणि रंग दिल्यावरही पाणी शिंपडावे लागते. कडक ऊन असलेल्या बाजूला त्या वेळी हात लावू नये. ऊन फिरेल तशी बाजू बदलावी.

पक्का रंग देतानाचा क्रम आपले पेंटर जाणतात, त्यावर मी फार बोलत नाही. पॉलिश कागदाने घासणे, धूळ झाडणे, पातळ प्रायमर, मग लांबी, पुन्हा घासणे, पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात. दोनच गोष्टी गवंड्याकडून आधी ठरवून घ्याव्यात. कोरडे सिमेंट घोटून भिंत काचेसारखी करू देऊ नये, तिच्यावर प्रायमर धरत नाही. आणि नीरूचा शेवटचा हात असेल तर तो चांगला वाळल्यावर घासून भुकटी काढावी. अलीकडे शहरात जिप्समचा गिलावा करतात. चोपण जमीन सुधारायला आपण टाकतो त्याच जिप्समपासून तो बनतो. त्याला पाणी मारायचे नसते आणि तो बाहेरच्या बाजूस चालत नाही. त्याला आज मी सांगितलेले दिवस लागू नाहीत, पण आत ओल असताना रंग देऊ नये हे त्यालाही लागू आहे.

मघाशी एका ताईंनी चिठ्ठी पाठवून विचारले आहे की, मागच्या उन्हाळ्यात घाईने रंग दिला आणि आता पापुद्रे निघतात, तर त्यावरून दुसरा हात देऊ का? देऊ नका. आम्ही तेही केले होते, दिवाळीला, पाहुणे येणार म्हणून. दोन महिन्यांत नवा हात जुन्यासकट खाली आला. सुटलेला रंग पत्रीने खरवडा, फोड आले त्याच्या हातभर पलीकडपर्यंत खरवडा, आणि भिंत तशीच उघडी एक अख्खा उन्हाळा राहू द्या. वाईट दिसते. माझ्या आईने त्या उघड्या भिंतीला कपाट सरकवून ठेवले होते, तेही करू नका, मागे हवा लागली पाहिजे. मग प्लास्टिक लावून पाहा.

हा प्लास्टिकचा तुकडा आणि चिकटपट्टी मी यजमान भाऊंकडे ठेवून जात आहे. त्यांनी पेंटरला सकाळीच फोन करून चुना मारायला बोलावले आहे. डबे आतल्या खोलीत जातील. पोपटी की गुलाबी, ते मी पुढच्या खेपेला, खरिपाच्या पेरणीपूर्व बैठकीला येईन तेव्हा घरच्या बायकांना विचारून ठरवू. आता हरभऱ्याच्या वावरात जाऊ, ऊन वाढते आहे.